आशाताई आमच्या दारावरून पुढे जायच्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



२०१६ सालच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत दोन माणसं आजारी पडली. एक मी, आणि दुसरे समोरच्या घरातले काका, शेतमजुरी करणारे. त्यांना क्षय निघाला. मला काय झालंय हे कळायला ७ महिने लागले.

काकांचं निदान झालं त्याच आठवड्यात त्यांच्या नावाचं कार्ड तयार झालं. थुंकी तपासली, वजन घेतलं, घरातल्या लेकरांनाही तपासलं. गोळ्या गावातच मिळायला लागल्या. ६ महिने घ्यायच्या, बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत, हे त्यांना, काकूंना आणि अर्ध्या गल्लीला पाठ झालं. एखाद्या दिवशी गोळीचा नागा झाला की संध्याकाळी आशाताई त्यांच्या दारात हजर. जाता-येता आमचं फाटक लागायचं. मी ओट्यावर बसलेला असायचो. "नमस्ते गुरुजी" म्हणायच्या आणि पुढे जायच्या. त्यांचा काही दोष नव्हता. माझ्या आजाराचं कार्डच त्यांच्या पिशवीत नव्हतं.

हे पत्र त्या कार्डासाठी आहे.

मी अमरावती जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो. घर आहे, पेन्शन आहे, दोन मुलं मार्गी लागली आहेत. त्या वर्षी मी नोकरीतच होतो आणि माझ्यावर कुठलंही संकट आलेलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण नैराश्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "पण तुम्हाला कमी काय होतं?" मधुमेह झालेल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आधी झोप गेली. रात्री डोळा लागायचा, पण साडेतीनला टक्क जाग. उजाडेपर्यंतचा तो वेळ सगळ्यात वाईट, संध्याकाळकडे जरा उतार पडायचा. मग जेवण बेचव झालं. सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा १५ दिवस टेबलावर पडून राहिला. एकेक उत्तर चारचारदा वाचायचो आणि तरी ते बरोबर की चूक हे ठरवता यायचं नाही. मुलीचा फोन आला की तिचा आवाज कानापर्यंत यायचा, आत काही हलायचं नाही. आपण सरकारचा पगार फुकट खातो आहोत हा विचार तर इतका पक्का बसला की एका दुपारी पगार परत घ्यावा असा अर्ज मी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे लिहायला घेतला. तो पूर्ण करण्याइतकंही त्राण नव्हतं, म्हणून राहिला.

दुःख मला ठाऊक होतं. वडील गेले तेव्हा महिनाभर घास उतरत नव्हता. पण तेराव्याला आलेल्या भाच्यांनी त्यांच्या गोष्टी काढल्या तेव्हा आम्ही रडता रडता हसलोही होतो. दुःखात माणूस आठवणीपाशी जातो, तिथून परत येतो. या आजारात ते जाणं-येणंच थांबतं. मला रडूसुद्धा येत नव्हतं. माझी म्हातारी आई म्हणायची, "काही तरी बोल ना रे बाबू." बोलायला शब्द होते, ते उचलायची ताकद नव्हती.

आमच्याकडे कुणी "मला डिप्रेशन आलंय" असं म्हणत नाही. लोक म्हणतात, जीव लागत नाही, काही गोड लागत नाही, हातपाय गळून गेले, डोकं जड झालं, गॅस वर चढतो. म्हणून पेशंट मनाच्या डॉक्टरकडे जातच नाही, पोटाच्या डॉक्टरकडे जातो. मीही गेलो. ७ महिन्यांत ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, ताकदीची सलाइन झाली, सोनोग्राफी झाली, दोनदा ईसीजी झाला. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. "नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" हे वाक्य ऐकलं की मला माझीच लाज वाटायची. रिपोर्टमध्ये काही नाही म्हणजे मीच कामचुकार.

मंत्री महोदय, हे निदान करायला यंत्र लागत नाही, हे मला फार उशिरा कळलं. ९ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, कशात रस वाटेनासा झाला का, झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःला कमी लेखणं, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थ येरझारा, आणि जगू नये असं वाटणं. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. ती वापरायला पैसे पडत नाहीत. आजार नक्की ठरवायचं काम डॉक्टरचं, पण कुणाला डॉक्टरपर्यंत पोचवायला हवं हे त्या प्रश्नांवरून ५ मिनिटांत समजतं. त्या ७ महिन्यांत हे ९ प्रश्न मला एकदाही कुणी विचारले नाहीत.

शेवटी मुलीनं ओढून जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं, कारण थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच दिसतो. मग विचारलं, कधी याच्या उलट झालं होतं का, झोप नाही तरी प्रचंड उत्साह, सपाटून खर्च, मोठमोठे बेत? तेव्हा हा प्रश्न मला विचित्र वाटला. तसं घडून गेलेलं असेल तर आजार वेगळा, औषधही वेगळं, आणि नैराश्याची एकटी गोळी त्याला अपाय करू शकते, हे त्यांनी नंतर समजावलं.

गोळी सुरू झाली. पहिले ८-१० दिवस मळमळ आणि डोकेदुखी. गुण काहीच नाही. बहुतेक लोक इथंच गोळी फेकून देतात, आणि सांगणारं कुणी नसेल तर दुसरं ते करणार तरी काय? या औषधाचा परिणाम जाणवायला २ ते ४ आठवडे लागतात, पूर्ण दिसायला ६ ते ८. मला तिसऱ्या आठवड्यात पाच वाजेपर्यंत झोप लागली. पाचव्या आठवड्यात मी पुन्हा पेपरांचा गठ्ठा तपासायला घेतला. त्या दिवशी सौ.नं केलेल्या पिठल्याला चव होती.

आणि अडीच महिन्यांनी मी गोळी बंद केली. बरं वाटत होतं, तर कशाला खायची? "सवय लागेल" असं चार जणांनी सांगितलं होतं. काकांना बरं वाटल्यावर गोळी सोडू नका असं रोज सांगायला गल्ली होती. मला सांगायला कुणी नव्हतं. नैराश्याचं औषध बरं वाटायला लागल्यावरही किमान ६ ते ९ महिने घ्यावं लागतं आणि थांबवताना डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करावं लागतं. दारू-तंबाखूसारखी त्याची तलफ लागत नाही, पण एकदम सोडलं तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते. यातलं काही मला माहीत नव्हतं. चार महिन्यांत आजार परत आला, आणि पहिल्यापेक्षा वाईट आला. त्या दिवसांत मनात काय येत होतं ते इथं लिहीत नाही. ते मी सौ.ला सांगितलं आणि तिनं मला एकटं सोडलं नाही, म्हणून आज हे पत्र लिहितो आहे.

दुसऱ्या खेपेला जवळच्या एका सरकारी दवाखान्यात गेलो. मानसोपचाराचे डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे. दोन महिने आलेच नाहीत. आले त्या महिन्यात गोळ्या संपलेल्या होत्या. हातात चिठ्ठी पडली, "बाहेरून घ्या." मला परवडत होतं, मी घेतल्या. माझ्यापुढे रांगेत एक बाई होती, ३५-३६ वर्षांची, सोबत शाळकरी मुलगा. तिलाही तीच चिठ्ठी मिळाली. तिनं ती घडी करून पदराच्या टोकाला बांधली आणि समोरच्या मेडिकलकडे न बघता एसटी स्टँडची वाट धरली. पुढच्या महिन्यात ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ती का आली नाही हे बघायला तिच्या घरी कुणी गेलं असेल, असं मला वाटत नाही.

मी वाचणारा माणूस. बरा झाल्यावर या आजाराबद्दल मिळेल ते वाचलं, आणि एक गोष्ट वाचून थबकलो. नैराश्यावरच्या सुरुवातीच्या औषधांपैकी एक औषध क्षयाच्या वॉर्डातूनच आलेलं आहे. १९५२ साली न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये क्षयरोग्यांना आयप्रोनायाझिड नावाचं नवं औषध देऊन पाहत होते. वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले रोगी त्यानं बोलायला-हसायला लागले, त्यांना भूक लागायला लागली. औषध फुप्फुसासाठी दिलं होतं, बदल मनात दिसला. यकृताला धोका म्हणून ते पुढे मागे पडलं. त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी इमिप्रामिन या दुसऱ्या औषधाचा नैराश्यावरचा गुण ओळखला. उदासीवर गोळी लागू पडू शकते हे त्या काळातल्या डॉक्टरांनाही अवघड वाटलं असणार. आमच्या गावाला तर ते अजूनही पटत नाही.

गोळी का लागू पडते, याबद्दल थोडं प्रामाणिक बोललं पाहिजे. मला सांगितलं होतं, "मेंदूत सेरोटोनिन कमी झालंय, गोळीनं भरून येईल." त्या वेळी या वाक्यानं मला मोठा आधार दिला, कारण त्यामुळे दोष माझ्या स्वभावावरून उतरून शरीरावर गेला. पण मामला इतका सरळ नाही. नुसत्या एका रसायनाच्या कमतरतेनं हा आजार होतो असा ठोस पुरावा मिळालेला नाही. आनुवंशिकता, लहानपणीचे आघात, एकटेपणा, कर्ज, बाळंतपण, दीर्घ आजारपण, व्यसन असं बरंच काही त्यात गुंतलेलं असतं. औषधाचा उपयोग होतो, हे मात्र तपासून झालेलं आहे. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, १ लाख १६ हजारांहून जास्त रुग्णांचा. २१ च्या २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, काही थोडी, काही जास्त. जादू कुणातच नाही. पहिल्याच औषधानं पूर्ण बरे होणारे साधारण तिघांत एक. बाकीच्यांची मात्रा वाढवावी लागते, औषध बदलावं लागतं, सोबत समुपदेशन जोडावं लागतं. म्हणजे माणूस परत परत भेटायला हवा. सगळा उपचार त्या परत भेटण्यावर उभा आहे, आणि आपली व्यवस्था नेमकी तिथंच तुटते.

समुपदेशनाला तज्ज्ञ कुठून आणायचे, असं आपले अधिकारी म्हणतील. त्याचं उत्तर शेजारच्या गोव्यात मिळालेलं आहे. 'संगाथ' संस्थेनं तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक उपचार करून पाहिला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण दिलं आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर ६ ते ८ बैठका घ्यायला लावल्या. बैठकीत उपदेश नाही. आजारामुळे सुटलेली कामं शोधायची, त्यातलं सगळ्यात लहान उचलायचं आणि मन तयार होण्याची वाट न पाहता करायचं. माझ्या डॉक्टरांनीही मला हेच सांगितलं होतं, दिवसाला फक्त ५ पेपर तपासा. गोव्यात ३ महिन्यांनी अशा बैठका झालेल्यांपैकी ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आलेले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.

आणि खुद्द आमच्या अमरावती जिल्ह्यातली गोष्ट. इथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलणं सुरू केलं, समुपदेशक जोडले, गरज पडेल त्याला डॉक्टरपर्यंत नेलं. कार्यक्रमाआधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक उपचारापर्यंत पोचत होते. १८ महिन्यांनी २७.२ टक्के पोचले. वऱ्हाडातले लोक मनाच्या आजारासाठी मदत घेत नाहीत, असं यापुढे कुणी म्हणू नये. दारात मदत आली तर घेतात.

देशाचं चित्र आपल्याला ठाऊक असेलच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचाराबाहेर आढळले. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. त्यात महाराष्ट्र नव्हता. शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर नाव घेतल्या जाणाऱ्या राज्यात नैराश्याची मोजणी तेव्हा झाली नाही, हे मला आजही खटकतं.

आत्महत्यांचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट बजावून सांगतो. शेतकऱ्याच्या मरणाला नुसतं "डिप्रेशन" हे लेबल लावून भाव, पाणी, पीकविमा आणि सावकारी यांच्यावरून नजर हटवली जात असेल, तर त्या कामात माझं हे पत्र वापरू नका. कर्ज माणसाला आजारी पाडतं आणि आजारी माणसाला कर्जातून वाट दिसत नाही. दोन्हींवर काम करावं लागेल. एकाचं निमित्त करून दुसरं टाळता येणार नाही.

आता मागणं. ते नव्या इमारतीचं नाही. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यांची गरज आहेच. पण माझ्यासारख्या बहुतेकांना भरती व्हावं लागत नाही. आम्हाला महिन्याची गोळी आणि विचारणारं माणूस एवढंच पुरतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, २०१८ च्या मे महिन्यापासून लागू आहे. त्याच्या १८ व्या कलमात लिहिलं आहे की अत्यावश्यक यादीतली औषधं मानसिक आजाराच्या रुग्णाला सरकारी रुग्णालयांत सर्व काळ मोफत मिळाली पाहिजेत, सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून वर. 'सर्व काळ' हे शब्द कायद्यातले आहेत. तेव्हा "बाहेरून घ्या" ही चिठ्ठी कायदा मोडणारी आहे. ती तालुक्यातालुक्यांत किती वेळा लिहिली जाते, ते आधी मोजायला सांगा.

पण तालुक्याला गोळी आहे एवढ्यानं भागत नाही. रोजंदारी बुडवून, भाडं खर्चून दर महिन्याला ९ महिने कोण जाईल? रांगेतली ती बाई नाही गेली. फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम, अमिट्रिप्टिलिन ही औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक यादीत आहेत, जुनी आहेत, स्वस्त आहेत. त्यांतली निदान दोन प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम ठेवा. तिथल्या एमबीबीएस डॉक्टरला साधं नैराश्य ओळखून उपचार सुरू करता येतील आणि अवघड पेशंट वर पाठवता येईल, इतकं प्रशिक्षण द्या, आणि अडलं तर फोनवर विचारता येईल असा जिल्ह्याचा तज्ज्ञ त्याला नेमून द्या. २५ वर्षांखालच्या मुलांमध्ये औषधाच्या सुरुवातीला जीव देण्याचे विचार वाढू शकतात, त्यांना पहिल्या महिन्यात दर आठवड्याला भेटावं लागतं, हेही त्याला माहीत असलं पाहिजे.

आणि नागा झाला की कळलं पाहिजे. क्षयाच्या कार्यक्रमातून मला हेच हवं आहे. मात्र एक फरक ठेवून. क्षयाचं कार्ड गल्लीला माहीत असलं तरी काकांचं काही बिघडलं नाही. मनाच्या आजाराचं कार्ड गल्लीला कळलं तर मुलीचं लग्न मोडू शकतं. गुप्ततेचा हक्क याच कायद्यात दिलेला आहे. म्हणून नोंद केंद्राच्या डॉक्टरपाशी राहू द्या, घरी कुणी यावं की नुसता फोन करावा हे रुग्णाला ठरवू द्या, आणि आशाताई बीपी-शुगरच्या चौकशीला येतात तशाच येऊ द्यात. त्या कामाचा वेगळा मोबदलाही द्या. आशाताईंच्या अंगावर आधीच किती रजिस्टरं आहेत हे मी ओट्यावरून वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे. फुकटात हे सतरावं काम त्यांच्यावर टाकलं तर ते कागदावरच होईल.

'प्रेरणा प्रकल्पा'तून विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत आशाताई ताणग्रस्त शेतकरी कुटुंबांपर्यंत गेलेल्या आहेत. म्हणजे वाट तयार आहे. ती आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपुरती आणि शेतकऱ्यांपुरती न ठेवता बाळंतिणीसाठी, म्हाताऱ्यांसाठी, शाळेतल्या मुलांसाठी आणि माझ्यासारख्या पेन्शनरांसाठी खुली करा. आणि प्रकल्प हा शब्द काढून टाका. प्रकल्पाला मुदत असते. क्षयाच्या गोळीला कुणी मुदत घातलेली नाही.

समोरचे काका बरे झाले. ६ महिन्यांचं औषध पूर्ण झालं तेव्हा काकूंनी गल्लीत पेढे वाटले. मीही बरा आहे. दुसऱ्या खेपेला दीड वर्ष गोळी घेतली, डॉक्टरांनी ती तीन महिन्यांत हळूहळू बंद केली. आजार परत येऊ शकतो, हे मला माहीत आहे. पहाटे साडेतीनची जाग सलग आठवडाभर आली तर काय करायचं, ते घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. पेढे मात्र आम्ही वाटले नाहीत. कशाचे म्हणून वाटणार होतो?

येत्या अर्थसंकल्पाआधी एक दिवस काढून आमच्याकडच्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात न कळवता या. औषधाच्या खिडकीवर फ्लुओक्सेटिन मागा. मिळतं का ते स्वतः बघा आणि मग निर्णय घ्या.

आणि हे पत्र छापलेलं वाचत असताना ज्यांना वरच्या ९ प्रश्नांत आपलं किंवा घरातल्या कुणाचं काही दिसलं असेल, त्यांनी सरकारची वाट पाहू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवस-रात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आपला,
अमरावती जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक